वृद्ध वारकऱ्यांची चरणसेवा



ज्येष्ठाचा वद्य पक्ष जवळ आला की वारकऱ्याचे चित्त घरात ठरत नाही. शेतात पेरणीची घाई असते, घरात नाना कामे पडलेली असतात. परंतु कान मात्र आळंदी-देहूकडे लागलेले असतात. टाळांच्या दोऱ्या नव्या होतात. पताकेला नवे कापड येते. वीणेच्या तारा पाहिल्या जातात, मृदंगाची शाई उडाली असेल तर ती भरून घेतात. माउलींच्या रथाला जोडायची बैलजोडी डोळ्यांत तेल घालून निवडतात, तिचे खूर पाहतात. रिंगणाच्या अश्वाचे नाल तपासतात. एवढी सगळी सिद्धता होते; आणि ज्या दोन पावलांच्या बळावर ही वारी पंढरीला पोचायची, त्या पावलांकडे कोणी पाहात नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘अहो बुवा, पांडुरंग नेतो, आपण जातो. पायाचे कसले लाड?’

हे उत्तर श्रद्धेचे आहे खरे. परंतु ते पुरते खरे आहे काय, याचा विचार आज आपण सर्वांनी मिळून करावा, अशी आमची विनंती आहे. विशेषतः ज्यांची साठी उलटली आहे अशा वारकऱ्यांनी आणि माउल्यांनी, आणि त्यांच्याबरोबर चालणाऱ्या लेकी-सुना-नातवंडांनी हे लक्षपूर्वक वाचावे.

प्रथम आपल्या संप्रदायाचे मूळ पाहू. पंढरी कशाने झाली? भक्तराज पुंडलिकामुळे झाली. आणि पुंडलिक त्या वेळी काय करीत होता? तप करीत नव्हता, यज्ञ करीत नव्हता. तो वृद्ध आईबापांचे पाय चेपीत बसला होता. प्रत्यक्ष परमात्मा दारी आला, तरी पुंडलिकाने हातातले पाऊल खाली ठेवले नाही. वीट पुढे सारली आणि देवाला म्हणाला, थांब जरा. देव थांबला, आणि अजून थांबला आहे. सज्जनहो, नीट ध्यानात घ्या. म्हाताऱ्या माणसाचे थकलेले पाऊल हातात असेल तर देवानेही वाट पाहावी, हा आपल्या क्षेत्राचा पहिला नियम आहे. मग ‘पायाचे कसले लाड’ असे वारकऱ्याने कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरी गोष्ट पादुकांची. श्रीतुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून वारीचा सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले. पालखीत मूर्ती नाही, पादुका आहेत. नीरेच्या पात्रात स्नान घालतो ते पादुकांना. तिकडे अयोध्येत भरताने चौदा वर्षे सिंहासनावर ठेवल्या त्याही श्रीरामाच्या पादुकाच. म्हणजे ज्या वस्तूने चालत्या पावलाचे रक्षण करायचे, तीच वस्तू आपण डोक्यावर घेतो, तिच्यापुढे लोटांगण घालतो. आणि स्वतःच्या म्हाताऱ्या बापाच्या पायात मात्र अंगठा तुटलेली, टाच झिजून एका अंगाला कललेली चप्पल असते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ही विसंगती आहे की नाही?

असो. आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना आमची मान खाली जाते, तरी सांगणे भाग आहे.

आमच्या दिंडीत एक वृद्ध माळकरी होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. तीस वर्षे त्यांनी आषाढीची वारी चुकवली नाही, आणि तीही अनवाणी. तापलेले डांबर असो, चिखल असो, खडी असो, तात्यांच्या पायात कधी वहाण दिसली नाही. दोन-तीन वर्षे ते एक गोष्ट मोठ्या आनंदाने सांगत असत. ‘बुवा, पांडुरंगानं पायाचं दुखणंच काढून घेतलं बघा. काटा रुतला तरी कळत न्हाई, डांबर पोळत न्हाई. चालतोय तो कापसावर चालल्यावानी.’ आम्हाला त्यांचे केवढे कौतुक वाटे! एवढेच नव्हे, तर आम्ही कीर्तनात त्यांचा दृष्टान्त दिला. देहभाव कसा गळतो ते पाहायचे असेल तर आमच्या तात्यांकडे पाहा, असे आम्ही भर सभेत बोललो. लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि तात्या संकोचून खाली बघत राहिले.

२०१६ सालच्या वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री मृदंग्याचा मुलगा बॅटरी घेऊन अंथरुणे घालीत होता. त्याला सतरंजीवर काळे डाग दिसले. डागांचा माग काढीत तो तात्यांच्या पायाशी आला. उजव्या तळव्याला चवड्याखाली रुपयाएवढे भोक पडले होते आणि त्यात बाभळीच्या काट्याचे टोक मोडून राहिले होते. वास येत होता. आरोग्यपथकाच्या डॉक्टरांनी विचारले, ‘आजोबा, ही जखम किती दिवसांची?’ तात्या म्हणाले, ‘जखम? कुठं हाय जखम?’

रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. किती वर्षांचा होता कोण जाणे. त्यांनी कधी तपासलेच नव्हते. विष वर चढत चालले होते. त्या रात्रीच त्यांना इस्पितळात हलवावे लागले आणि पुढे उजव्या पावलाचा चवडा, पाची बोटांसकट, कापावा लागला. पंढरी पाच मजलांवर राहिली होती.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तात्या भिंतीकडे तोंड करून निजले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘बुवा, त्यानं दुखणं काढून घेतलं नव्हतं. दुखणं ही त्याचीच हाक हुती. मलाच ती ऐकू येईनाशी झाली.’

सज्जनहो, तीस वर्षे आम्ही रोज त्या पायांवर डोके ठेवले. वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, ही आपली रीत. रोज पाया पडलो, आणि एक दिवस डोळे उघडून तो पाय पाहिला नाही.

आता यातले तत्त्व पाहू. विदेहावस्था वेगळी आणि बधिरपणा वेगळा. तेरचे गोरोबाकाका नामाच्या रंगात चिखल तुडवीत असता पायाखाली तान्हे मूल आले, तरी त्यांना कळले नाही, अशी कथा आपण ऐकतो. ती प्रेमाची तल्लीनता होती. परंतु कीर्तन संपून भानावर आल्यावर गोरोबांच्या पायाला पुन्हा सर्व कळत होते. हीच कसोटी लावावी. भजनाच्या भरात काटा टोचलेला कळला नाही, तर तो नामाचा महिमा म्हणा. परंतु भजन संपले, रात्र झाली, पाय धुवायला बसलात, तरीही पायाला गार-ऊन, मऊ-टोचरे काही कळत नसेल, तर तो भक्तीचा रंग नव्हे. तो रोग होय. त्याला कृपा म्हणू नये, आणि आमच्यासारख्या बुवांनी त्याचा दृष्टान्त तर मुळीच देऊ नये.

हा बधिरपणा येतो कशाने? रक्तातील साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाकडे जाणाऱ्या ज्ञानतंतूंची हानी होते. पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, आणि हळूहळू संवेदना नाहीशी होते. त्याच वेळी रक्तवाहिन्या अरुंद होतात, म्हणून झालेली जखम लवकर भरत नाही. विडी ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या अधिकच आवळतात. अशी ही दुहेरी चोरी आहे. एका हाताने रोग पहारेकऱ्याचे तोंड बांधतो आणि दुसऱ्या हाताने घर लुटतो. वेदना हा तो पहारेकरी होय.

ही गोष्ट जगाला पटवून देणाऱ्यांत एक नाव आदराने घ्यावे लागेल. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली तमिळनाडूतील वेल्लोर येथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोगाने मांसच सडते आणि बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहून दाखविले की पायाचा नाश बव्हंशी वेदना न कळल्यामुळे होतो. माणूस जखमेवरच चालत राहतो आणि जखम खोल जाते. मग अशा पायांसाठी आतून मऊ, स्पंजासारखे बारीक छिद्रांचे रबर घातलेल्या चपला तयार झाल्या. आज त्यांना एम.सी.आर. चपला म्हणतात आणि मधुमेहाच्या रुग्णांनाही त्याच सांगतात. ब्रँड धर्माने ख्रिस्ती, पण ज्या पायांना कोणी शिवत नव्हते ते त्यांनी हातात घेतले. वारकऱ्याला यात पुंडलिकाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

मधुमेह नसला तरी म्हातारपणी पाऊल बदलतेच. एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. म्हणजे सबंध शरीरातील २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा या दोन पावलांत आहे. वय झाले की हाडांना बांधणारे स्नायुबंध सैलावतात, पाऊल थोडे लांबते आणि पसरते. टाचेखालची आणि चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते, म्हणून खडा अधिक टोचतो. कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. नखे जाड होतात आणि वाकून कापता येत नाहीत. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. एवढ्या वाटेत म्हाताऱ्या माणसाची साडेतीन लाखांहून अधिक पावले पडतात, आणि प्रत्येक पावलागणिक अंगाचा सगळा भार एका तळव्यावर येतो. चाळिशीत घेतलेले वहाणेचे माप सत्तरीत चालेल कसे?

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम वारीच्या दोन महिने आधी, चैत्र-वैशाखातच करावे. गावच्या आरोग्यकेंद्रात जाऊन साखर तपासून घ्यावी आणि डॉक्टरांना पाय दाखवावे. घरच्या घरीही एक परीक्षा करता येते. वृद्धाने डोळे मिटून पाय पसरून बसावे. नातवाने बोटाच्या टोकाने दोन्ही पावलांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. क्षणभर शिवून हात उचलावा. प्रत्येक वेळी आजोबांनी उजवा की डावा ते सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाऊल बधिर होत चालले आहे असे समजून डॉक्टर गाठावा. चरणस्पर्श तर आपण रोजच करतो. हा एक चरणस्पर्श परीक्षेसाठी करावा.

दुसरे काम वहाणेचे. वहाण घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि तेच माप चालताना उपयोगी पडते. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्याहून थोडे मोठे असते. मोठ्या पावलाचे माप धरावे. उभे राहून पायमोजासकट घालून पाहावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी असावी. चवड्याला आवळणारी वहाण नको. घरी कागदावर उभे राहून पेन्सिलीने पावलाची रेघ काढावी, तो आकार कापून वहाणेत ठेवून पाहावा. कागद कडेला दुमडला तर पाऊलही दुमडणार, हे ओळखावे. तळ बाहेरून घट्ट आणि न घसरणारा, आतून मऊ असा असावा. टाच उंच नको. मागे पट्टा हवाच. मागचा पट्टा नसला की म्हातारा माणूस चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे आवळून चालतो, मग पोटऱ्या भरतात आणि चिखलात पाय सटकतो. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल तर नकोच. ती बोटांच्या बेचक्यात घासते, आणि पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नाही. पुढच्या पट्ट्या सैल-घट्ट करता येणाऱ्या असाव्यात, म्हणजे दुपारी सूज आली की सैल करता येतात.

आणि महत्त्वाचे असे की कोरी वहाण घालून वारीला निघू नये. निदान तीन आठवडे आधी घ्यावी. पहिले दोन-चार दिवस घरात तासभर, मग देवळापर्यंत, मग शेतापर्यंत अशी ती मुरवावी. पाऊलही असेच मुरवावे लागते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका गाडीने पंढरीला गेल्या. २०२२ साली पुन्हा चालायला लागल्यावर आमच्या दिंडीतल्या जुन्याजाणत्यांचे पाय दिवेघाट चढण्याआधीच फोडांनी भरले. तीस वारींची पुण्याई होती, पण दोन वर्षांचा सराव नव्हता.

वहाण जवळच्या चर्मकार बंधूंना दाखवावी. मागचा पट्टा शिवून घेणे, आत मऊ तळ बसविणे, झिजलेली टाच सारखी करणे ही कामे ते करून देतात. वारीच्या वाटेवर तर कित्येक चर्मकार बंधू पैही न घेता वारकऱ्यांच्या वहाणा शिवून देतात. संत रोहिदासांना आपण संतमालिकेत मानाने बसविले. त्यांच्या हातातल्या कामाचीही तीच प्रतिष्ठा मानावी.

तिसरे काम रोजचे. सकाळी वहाण पायात घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवून पाहावा. खडा, खिळ्याचे टोक, दुमडलेली शिवण काही लागते काय ते बघावे. पायमोजे सुती आणि सैल काठाचे असावेत, तीन जोड जवळ असावेत. आषाढाचा पाऊस आणि चिखल यांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून विसाव्याच्या ठिकाणी ओला मोजा काढावा, बेचके कोरड्या फडक्याने टिपावे, मगच कोरडा मोजा घालावा. टाचेला तेल किंवा खोबरेल जरूर चोळावे, मात्र बोटांच्या मध्ये तेल लावू नये. तिथे ओल राहिली की कातडी कुजते.

माउल्यांसाठी एक खास सूचना. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या कित्येक वृद्ध माउल्यांच्या पायात पातळ सपाता असतात आणि बोटांत वर्षानुवर्षांची जोडवी. चालून बोटे सुजली की जोडवे मांसात रुतते. निघण्यापूर्वी ती सैल करून घ्यावीत, किंवा वारीपुरती पदराच्या गाठीला बांधून ठेवावीत. सौभाग्य जोडव्याच्या घट्टपणात नाही.

चौथे, रात्री मुक्कामाला करायचे. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसण्याची आपली हौस असते. पाय बधिर असेल तर पाणी किती कढत आहे हे पायाला कळत नाही आणि कातडी सोलून निघते. पाणी आधी कोपराने पाहावे, किंवा दुसऱ्याने पाहावे. फार वेळ बुडवून बसू नये. चुलीजवळ, शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत. फोड आला तर फोडू नये, स्वच्छ करून झाकावा. कुरूप ब्लेडने कापू नये. भेगेला किंवा काटा मोडलेल्या जागी बिब्ब्याचा चटका, रुईचा चीक, चुना, तंबाखू असले काही लावू नये. चांगल्या पायाला हे सोसत असेल, बधिर पायाला त्याने जखम होते. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. नाहीतर नखुरडे होते. एकाच पायाची पोटरी सुजून तापली असेल तर ती चेपू नये, डॉक्टरांना दाखवावी. आणि जखम काळी-निळी पडली, वास आला, एखादे पाऊल लालबुंद गरम झाले, अंगात ताप भरला, तर ‘पंढरीला पोचल्यावर बघू’ असे म्हणू नये. वाटेवर आरोग्यपथके असतात, त्याच रात्री त्यांच्याकडे जावे.

आता एक शंका उरते, आणि ती प्रामाणिक आहे. ‘आमचा अनवाणी वारीचा नेम आहे, तो मोडायचा काय?’

ज्यांचे पाय धडधाकट आहेत, ज्यांना सर्व कळते, त्यांनी आपला नेम आनंदाने चालवावा. परंतु ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांना डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी फिरू देत नाहीत. त्यांच्या नेमाचा अर्थ आता वेगळा करावा लागेल. अनवाणी चालण्यात काय होते? देवासाठी थोडे सोसावे, हा भाव होता. परंतु ज्या पायाला काही कळतच नाही, त्याने सोसले काय? वेदना नाही तिथे तप नाही, आहे ती फक्त हानी. अशा माणसाने वहाण घालणे हेच त्याचे तप, कारण त्याला त्यात आपला अहंकार सोसावा लागतो. तीस वर्षे लोक ज्याला अनवाणी म्हणून ओळखत होते, त्याने पायात पट्ट्यांची चप्पल घालून दिंडीत उभे राहणे सोपे नाही हो!

आणि मंदिरात तर वहाण काढावी लागतेच. चैत्री वारीत फरशी तव्यासारखी तापते. तिथे बधिर पायांना जाड सुती मोजे घालून दर्शनबारीत उभे राहावे. वहाण कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवावी, म्हणजे ती हरवून परतीची वाट अनवाणी चालण्याची वेळ येत नाही.

तरुणांना आणि दिंडीप्रमुखांना हात जोडून एकच मागणे आहे. हरिपाठ आटोपला, पंगत उठली की रोज पाव घटका काढा. दिंडीतल्या प्रत्येक वृद्धाचे पाऊल हातात घ्या आणि तळवा, टाच, बोटांचे बेचके बॅटरीच्या उजेडात पाहा. म्हाताऱ्याला वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. त्याचा तळवा त्याला स्वतःला दिसत नाही. तो दुसऱ्यानेच पाहावा लागतो. पाया पडण्याची रीत आपल्यात कशासाठी असेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एक अर्थ आम्हाला आता कळला आहे: पाया पडावे, म्हणजे पाऊल जवळून दिसते.

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगून ही सेवा संपवितो. जखम भरायला आठ महिने लागले. दुसऱ्या वर्षी ते आले नाहीत. घरी बसून पालखीच्या दिवशी रडले, असे त्यांच्या सुनेने सांगितले. २०१८ साली आले, ते दिंडीच्या ट्रकमध्ये बसून. उजव्या पायात खास करून घेतलेला बूट, डाव्या पायात एम.सी.आर.ची चप्पल. वाटेवर चालायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आम्हाला वाटले, माणूस खचेल. परंतु पहिल्याच मुक्कामाला तात्यांनी पिशवीतून एक दाढीचा आरसा आणि बॅटरी काढली, सतरंजीवर बसकण मारली आणि हाक दिली, ‘या रे, पाय दावा!’

त्या रात्री ते बावीस जणांच्या तळव्यांपुढे आरसा धरून बसले होते. दोन चिखल्या, एक नखुरडे आणि एका म्हातारीच्या टाचेत चार दिवसांपासून रुतलेली काच सापडली. म्हातारीला ती कळली नव्हती. तात्या तिच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘आक्का, उद्या चालायचं न्हाई. आधी दवाखाना.’

आता दर वारीला हे चालते. रांगेत सर्वांत शेवटी आम्ही बसतो. तात्या आमचे पाऊल मांडीवर घेतात, आरसा धरतात. आम्ही एकदा म्हटले, ‘तात्या, तुम्ही वडील माणूस, आमच्या पायाला हात लावता, आम्हाला पाप लागते.’ ते म्हणाले, ‘गप बसा बुवा. तीस वर्सं तुमी माझ्या पाया पडला, आता मला बघू द्या.’

॥ रामकृष्णहरि ॥